सुमतीताई, तो ट्रक मी बोलावला होता

ताई, तुम्हाला मातीत ठेवून आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत मी एका जागी अर्धा तास बसलेले नाही. कपाट उघडते, बंद करते. भाजी निवडायला घेते आणि अर्ध्यात उठून फाटकापर्यंत जाऊन येते. ज्योती फोनवर म्हणते, "मम्मी, आप थोडा आराम करो, थक जाओगे." पोट्टीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. तुम्ही तिच्याशी शेवटपर्यंत मराठीतच बोललात आणि ती तुम्हाला शेवटपर्यंत हिंदीतच उत्तर देत राहिली.

लोक भेटायला येतात. तुमच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स आल्या, चर्चमधले आले, ब्राह्मणपाऱ्यातली तुमची देशपांडेबाई काठी टेकत आली. नवीन माणूस असला तर विचारतो, कोण होत्या तुमच्या? मी सांगते, नणंद. नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, दवाखान्यात सिस्टर होत्या, आमच्याच घरी राहायच्या. एवढं सांगितलं की माणसाचं समाधान होतं. माझं होत नाही.

परवा महिला मंडळीची बैठक झाली. यंदाच्या बड्या दिनाचं, नाताळचं ब्लँकेटवाटप तुमच्या नावानं करायचं असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. यादी कोण करणार, तर शालिनी दीदी. दरवर्षी तीच करते ना. मी हो म्हटलं आणि घरी येऊन वही काढली, आणि पहिल्याच पानावर माझा हात थांबला. तुम्हाला माझ्या यादीचा किती राग होता हे त्या बायांना ठाऊक नाही. तुम्ही रागावायचात असंही नाही म्हणा. नुसतं म्हणायचात, "शालू, थंडी काय तुह्या यादीतल्याच लोकांले वाजते?"

मी भांडायचे. ताई, मी म्हणायचे, यादी नसली तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. जो दांडगा तो तीन घेऊन जातो आणि म्हातारी बाई रिकाम्या हातानं परत जाते. देणं नीट व्हावं यासाठी शिस्त लागते. आजही मला हे चूक वाटत नाही, आणि तुम्हालाही ते पूर्ण चूक वाटत नव्हतं. तुमचं म्हणणं वेगळं होतं. तुम्ही म्हणायचात, "हे आपण आपल्या सवडीनं करून राहिलो. त्यांची गरज आपल्या सवडीनं येत नाही." आणि मग ते तुमचं नेहमीचं: "प्रभूनं आपल्याले विचारलं नाही, बाई. सांगितलं." यावर मी गॅस मोठा करायचे, भांडी वाजवायचे.

पण ताई, त्या जानेवारीबद्दल आपण एकदाही भांडलो नाही. ते भांडण व्हायला पाहिजे होतं.

आपलं वेगळं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिकडे पाहावं तिकडे रस्ते रुंद होत होते, आपलं शहर राजधानी झालं, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. चर्चच्या मागच्या नाल्याकाठी जी वस्ती होती, ती हटणार हटणार असं वर्षभर ऐकत होतो. ज्योतीचं लग्न शनिवारी होतं. मंगळवारी सकाळी नाल्याकाठी बुलडोझर आला. तुम्ही चर्चच्या बागेत फुलांच्या कुंड्या बघत होता. मी घरी पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकत होते. आवाज मलाही आला होता. मी खिडकी लावून घेतली, धूळ येईल म्हणून.

दुपारी मी मंडपवाल्याला घेऊन चर्चच्या हॉलवर आले, पडदे कुठे लावायचे ते दाखवायला. दार उघडंच होतं. आत अकरा कुटुंबं बसलेली. पेट्या, डेगच्या, सायकली, एका कोपऱ्यात बकरी. स्टेजवर कोणीतरी लेकरू निजवलं होतं. बायांच्या अंगावर ब्लँकेटं होती, तांबड्या काठाची, दोन आठवड्यांपूर्वी मीच वाटलेली. एकीनं मला ओळखून हात जोडले. आणि तुम्ही मधोमध उभ्या राहून एका माणसाच्या पायाला पट्टी बांधत होता.

"ताई, हे काय?"

"घरं पाडली यांची."

"ते दिसून राहिलं. पण इथं? शनिवारी लग्न आहे."

"ठाऊक आहे मले. हार मीच सांगितले."

"मग?"

"मग काय? त्यांनी दार वाजवलं. किल्ली माह्यापाशी होती."

मंडपवाला माझ्याकडे पाहत होता. मी त्याला म्हटलं, परवा या. त्यानं तिथंच सांगितलं की परवा हॉल मोकळा नसेल तर तो काही करू शकणार नाही.

संध्याकाळी चर्चच्या पाळकसाहेबांकडे बैठक बसली. कोणी म्हणालं, माणुसकी आहे. कोणी म्हणालं, हॉलच्या वायरिंगचं काय, चुली पेटल्या तर? मग मी उभी राहिले. मी म्हटलं, बाहेर लोक काय म्हणतील याचा विचार करा, चर्चनं वस्ती आत घेतली, आता यांना ख्रिस्ती करून घेतील, असं कोणी बोललं तर कोण निस्तरणार? पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. मला ठाऊक होतं की ही भीती त्यांच्या मनात आहे, म्हणूनच मी ती काढली. माझ्या मनात ती नव्हती. माझ्या मनात फक्त शनिवार होता. अमरावतीहून येणारे व्याही, त्यांची माणसं, आणि हॉलच्या कोपऱ्यातली ती बकरी.

तुम्ही एवढंच म्हणालात, "रविवारी आपल्या शालूनंच वाचलं होतं ना, मेजवानी करशील तर कोणाले बोलव ते." सगळे खाली बघू लागले. वाचलं होतं मीच. आवाज चांगला आहे म्हणून उपासनेत बायबल मला वाचायला देतात. परत बोलावू शकत नाहीत अशांना बोलव, असं स्वच्छ, सावकाश वाचलं होतं. ताई, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की तुमच्याकडे बघवेना. मला वाटलं, या बाईला लेकरू नाही, हिला काय कळणार. हे मी आज पहिल्यांदा लिहून राहिले. ज्योतीला न्हाऊ घालायला, शाळेत सोडायला, गोवर निघाली तेव्हा आठ दिवस मांडीवर घेऊन बसायला तुम्हीच होता, आणि मी मनात असं म्हटलं.

बैठकीत ठरलं काहीच नाही. प्रार्थना करून सगळे उठले.

गुरुवारी सकाळी वस्तीतल्या सुकवारोबाईला दम लागला. म्हातारी खोकून खोकून निळी पडली. तुम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलात. जाताना मला म्हणालात, "दुपारपर्यंत येतो. लेकरांचं दूध तापवून दे." मी हो म्हटलं.

तुमची रिक्षा वळणाआड गेली आणि मी ज्योतीच्या पप्पांच्या ओळखीतल्या ट्रकवाल्याला फोन केला.

यानंतरचं तुम्हाला अर्धंच ठाऊक असेल असं मी धरून चालले होते, म्हणून सगळं सांगते. शहराबाहेर, बीरगांवच्याही पुढे या लोकांना जागा देणार आहेत, एवढं मला वॉर्डातल्या एका बाबूकडून कळलं होतं. देणार आहेत, एवढंच. मी हॉलमध्ये जाऊन सांगितलं, घरं तयार झाली आहेत, आजच पोचलं नाही तर दुसरे घुसतील, बाहेर गाडी उभी आहे. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. काहून नाही ठेवणार? दरवर्षी ब्लँकेट देणारी दीदी ती. सुकवारोची सून दुलारी तेवढी म्हणाली, "दाई तो अस्पताल में है." मी म्हटलं, तुझ्या सासूला आम्ही पोचवू. तासाभरात हॉल रिकामा झाला. लेकरांचं दूध गॅसवरच राहिलं. बाईला बोलावून मी फरशी फिनाइलनं धुवून घेतली, खिळ्यांना अडकवलेल्या दोऱ्या, चिंध्या, पिशव्या होत्या त्या काढून नाल्याकडे फेकायला लावल्या.

तुम्ही चारला आलात. सुकवारोबाई तुमच्या खांद्याला टेकून. हॉलच्या दारात तुम्ही उभ्या राहिलात, ओल्या फरशीकडे पाहिलंत.

"कुठं पाठवलं?"

मी जागा सांगितली.

"घरं आहेत तिथं?"

"आहेत म्हणतात."

तुम्ही म्हातारीला आपल्या खोलीत नेऊन निजवलंत, आपल्या पलंगावर. स्वतः खाली चटई टाकलीत.

शुक्रवारी हळदीची गडबड. सकाळीच तुम्ही बस पकडून बीरगांवकडे निघालात. ज्योती दहादा तुमचं विचारत होती, "फुआ कहाँ है?" तुम्ही संध्याकाळी आलात. पाय गुडघ्यापर्यंत मुरमाच्या धुळीनं लाल. बायका गाणी म्हणत होत्या. मी हातातली वाटी धरून उभीच राहिले. मला वाटलं आता तुम्ही बोलाल, सगळ्यांसमोर बोलाल, आणि मी ठरवून ठेवलं होतं काय उत्तर द्यायचं ते. तुम्ही नळावर पाय धुतलेत, साडी बदललीत आणि ज्योतीच्या गालांना हळद लावलीत. मला म्हणालात, "मीठ कमी आहे आमटीत. बघ."

लग्न छान झालं. सगळे म्हणाले. जेवणाच्या वेळी तुम्ही सुकवारोबाईला हात धरून हॉलमध्ये आणलंत, तिच्या अंगावर तुमचीच मोतिया रंगाची साडी. पुढच्या टेबलाकडे येत होता. मी मध्येच अडवलं.

"ताई, तिला मागे बसवा न. इथं व्याही बसणार आहेत."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि वळलात.

तुम्ही गेल्यावर फ्रेमसाठी तुमचा फोटो पाहिजे म्हणून मी ज्योतीच्या लग्नाचा अल्बम काढला होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिला. पाळकसाहेब आहेत, व्याही आहेत, केकवाला आहे. तुम्ही एकाही फोटोत नाही. जेवणापासून पाठवणीपर्यंत तुम्ही मागच्या ओसरीत तिच्यासोबतच बसून राहिलात. ज्योतीला सांगितलं तर म्हणाली, "मम्मी, मैं गई थी ना पीछे, फुआ के पैर पड़ने. आपको किसी ने बताया नहीं?" कोणी सांगितलं नव्हतं.

मी तुम्हाला देवमाणूस करून टाकणार नाही. महिला मंडळीत परवा सगळ्या तेच करत होत्या आणि माझा जीव घुसमटत होता. तुम्ही हट्टी होता. माझा पाच लिटरचा कुकर तुम्ही मला न विचारता देऊन टाकलात आणि पाहुणे घरात आल्यावर मला ते कळलं. कोणी तुम्हाला काही दिलं तर तुम्हाला घेता येत नसे. मी नवी शाल आणली की दोन दिवसांत ती दुसऱ्याच बाईच्या अंगावर. माझ्याकडून घ्यायला तुम्हाला कमीपणा वाटत होता काय? आणि ज्योतीच्या लग्नाआधी तिचे पप्पा गेले त्या वर्षी, महिना झाला नव्हता, तुम्ही त्यांचा निळा स्वेटर चौकातल्या रिक्षावाल्याला दिलात. मी तो उशाखाली घेऊन झोपायचे. मी रस्त्यात तो स्वेटर दुसऱ्याच्या अंगात पाहिला आणि घरी येऊन तुमच्यावर अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात. "चुकलं माहं, शालू. भाऊ माहा होता, पण स्वेटर तुहा होता. मले विचाराले पाहिजे होतं." आणि तुम्ही रडलात. मी तुम्हाला तेव्हाच रडताना पाहिलं, आधी नाही, नंतर नाही.

चुकलं माहं. किती पटकन म्हणालात. मी त्या जानेवारीपासून आठ वर्षं ते दोन शब्द जिभेवर घेऊन तुमच्यासोबत चहा पीत राहिले.

लग्नानंतरच्या शनिवारी तुम्ही सुकवारोबाईला तिकडे पोचवून आलात, आणि तेव्हापासून दर शनिवारी जायला लागलात. बीपीचं मशीन, पट्ट्या, गोळ्या, एक थर्मास. निवृत्त झालेली बाई, गुडघे दुखतात, दोन गाड्या बदलून जायची. शुक्रवारी संध्याकाळी पिशवी भरताना विचारायचात, "उद्या येते काय?" मी म्हणायचे, उद्या कपडे आहेत. उद्या ज्योतीचा फोन येणार आहे. उद्या पाय दुखून राहिला. तुम्ही "बरं" म्हणायचात आणि पुढच्या शुक्रवारी परत विचारायचात, जसं काही पहिल्यांदाच. कधी तुम्ही तिथून भोपळा आणायचात, कधी लाल भाजीची जुडी, कधी पदरात बांधून बोरं. माझ्यासमोर ठेवून म्हणायचात, "हे तुह्यासाठी. दुलारीनं देल्लं." मला तो टोमणा वाटायचा. मी भोपळा गुपचूप मोलकरणीला देऊन टाकायचे.

सुकवारोबाई वारली तेव्हा तुम्ही दोन दिवस तिकडेच राहिलात. तेव्हाही मी आले नाही.

तुमचं आजारपण चारच दिवसांचं. निमोनिया छातीत भरला. शेवटच्या दिवशी दुपारी तुम्ही डोळे उघडलेत. मी वाकले. मला वाटलं, आता बोलावं. नर्स सलाईन बदलत होती, पलीकडच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक भांडत होते. तुम्ही म्हणालात, "तू जेवली काय?" मी म्हटलं, हव. मी जेवले नव्हते. तेही खोटंच.

तर परवाची गोष्ट सांगते. ती सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

वही पुढ्यात घेऊन बसले होते आणि एकदम ध्यानात आलं, त्या वस्तीत कोणाला सांगितलंच नाही. दफनाला अख्खी मंडळी होती, नागपूरहून माणसं आली, आणि त्यांना कोणी कळवलं नाही. दोन शनिवार तुम्ही गेला नाहीत. ते वाट पाहत असतील. कोण सांगणार? घरात माझ्याशिवाय कोणी नाही. मी चप्पल घातली. बसस्टॉपवर गेले, परत आले, परत गेले. बीरगांवला उतरून दुसरी गाडी धरली. कारखान्यांच्या काळ्या धुरातून जाताना मला सारखं वाटत होतं, लोक मला ओळखतील आणि दगड मारतील.

आता तिथं घरं झाली आहेत. एक एक खोली, पत्रे, काही ठिकाणी सिमेंटचं छत. हँडपंपापाशी विचारलं, दुलारी कहाँ रहती है? बाई म्हणाली, "कोन, सिस्टर दीदी के दुलारी?" आणि मला दारापर्यंत घेऊन गेली.

दुलारीचे केस पिकले आहेत. ती तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, डोळे बारीक केले, आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, भाभी! गाड़ी वाली भाभी!" आत ओरडून तिनं सगळ्यांना बोलावलं. माझ्या पाया पडायला लागली. मी मागे सरले. मला कळेना.

आधी तुमचं सांगितलं. ती मटकन खाली बसली. "हमन ला कोनो नइ बताइस," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आम्हाला कोणीच सांगितलं नाही. शेजारणी आल्या, रडल्या. एकीनं तुमचं रागावणं करून दाखवलं, गोळी चुकवली की तुम्ही कशा कंबरेवर हात ठेवायचात ते. रडता रडता सगळ्या हसल्या. ताई, मी पण हसले.

बाया पांगल्यावर मी दुलारीला विचारलं, मला गाडीवाली भाभी का म्हणालीस?

ती म्हणाली, सिस्टर दीदीनं सांगितलं होतं, म्हणजे ताई, तुम्हीच. लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही इथं आलात तेव्हा. मोकळं माळरान होतं, चुना मारून आखलेले चौकोन, दुसरं काही नाही. लोक चिडले होते, त्या दीदीनं फसवलं म्हणत होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, माझ्या भावजयीला बाबूनं चुकीचं सांगितलं. घरात मुलीचं लग्न असून तिनं तुमच्यासाठी गाडी केली, सामान डोक्यावर वाहू दिलं नाही. तिच्याबद्दल वाईट बोलू नका. आणि तेव्हापासून ते बोलले नाहीत. म्हणून भोपळे. म्हणून भाजी. आठ वर्षं.

ताई, हे काय केलंत? मला वाचवलंत की बांधून ठेवलंत? मी तिथं त्या खाटेवर बसून होते आणि मला तुमचा राग आला, कौतुक आलं, परत राग आला. तुम्ही खोटं बोलला नाहीत हेही माझ्या ध्यानात आलं. बाबूनं सांगितलं होतंच. गाडी मी केली होतीच. तुम्ही फक्त उरलेलं माझ्यासाठी ठेवून दिलंत. मी दर शुक्रवारी नाही म्हणत होते तेव्हा तुम्ही माझी वाट बघत होता काय?

मी उठून पळाले असते. बस होती. पण दुलारी समोर बसली होती, आणि तिनं चहा ठेवला होता.

मी तिला सांगितलं. हिंदीत सांगितलं, जसं येईल तसं. बाबूनं घरं तयार आहेत असं म्हटलं नव्हतं. ते मी बनवलं. मला हॉल पाहिजे होता. तुझी सासू दवाखान्यात होती हे मला ठाऊक होतं, सिस्टर नाही हे पाहूनच मी गाडी बोलावली. गलती मेरी थी, दुलारी. सिस्टर ने मुझे बचाया.

तिनं उठून चहा खाली उतरवला. मग बोलली तेव्हा आवाज वेगळाच होता. तो भाभीशी बोलायचा आवाज नव्हता. म्हणाली, माझी पाच घरं होती भांड्यांची, चर्चच्या आजूबाजूला. इथून जाणं जमेना, पाचही सुटली. हॉलच्या खिळ्याला पिशवी टांगली होती, त्यात राशनकार्ड होतं. गाडी सुटते म्हणून घाई केलीत, पिशवी राहिली. दुसऱ्या दिवशी नवरा पाहायला गेला तर मिळाली नाही. नवीन कार्ड बनता बनता वर्ष गेलं. त्या वर्षी लेकरं काय खात होती ते सिस्टर दीदीलाच ठाऊक.

त्या पिशव्या. मी बोटानं दाखवून फेकायला लावल्या होत्या.

मी म्हटलं, "मैं अब क्या करूँ?"

मला वाटलं ती काहीतरी मागेल. मागितलं असतं तर बरं झालं असतं. मी पर्स मांडीवर घेतलेलीच होती. तिनं पर्सकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग चहाचा कप माझ्या हातात दिला, तिथं राहू दे म्हणून पर्स स्वतः उचलून खाटेच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. बाहेर कोणीतरी पाणी भरत होतं. चहा निवला तरी मी पीत होते.

निघताना ती दारापर्यंत आली. चेहऱ्यावर राग तसाच होता. म्हणाली, "सिस्टर दीदी शनिच्चर के आवय. तुमन कोन दिन आहू?"

सिस्टर दीदी शनिवारी यायची, तुम्ही कोणत्या दिवशी याल, असं विचारत होती.

मी म्हटलं, "मुझे बीपी देखना नहीं आता, दुलारी. मुझे कुछ नहीं आता."

"त आके बइठहू," ती म्हणाली. मग येऊन बसा.

ताई, मी मंगळवार सांगितला. आज सोमवार आहे. पाय दुखत नाही आहे, ज्योतीचा फोन सकाळीच येऊन गेला, कपडे वाळले आहेत. मी मघापासून तिसऱ्यांदा फाटकापर्यंत जाऊन बसची वेळ विचारून आले.